गेदराचं थंड सार

एका उन्हाळ्यात माझ्या आईचं तोंड तारेने बांधलेलं होतं. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, आणि ज्याने तिला ठाण्याच्या मासळी बाजारात ऐकलेलं असेल त्याला तर जास्तच. ओट्यावर बसून ती हाक मारायची ती बाहेर रिक्षावाल्यांपर्यंत जायची. गिऱ्हाईक भाव फारच पाडायला लागलं की मात्र ती आवाज चढवायची नाही, उलट खाली आणायची, आणि मग आजूबाजूच्या बायकाही हातातलं काम थांबवून ऐकायच्या. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर आमचं घर त्या आवाजावर चाललं.

नव्वदच्या अलीकडचं-पलीकडचं साल असेल. एप्रिलचं ऊन तापायला लागलं होतं. बाजारात बर्फ फोडत होते, त्याच्या पाण्यावरून आईचा पाय सटकला आणि हनुवटी दगडी ओट्याच्या कडेवर आपटली. जबडा मोडला, एक दात पडला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी वरचे दात खालच्या दातांना बारीक तारेने बांधून टाकले आणि सांगितलं, हाड जुळेपर्यंत दीडेक महिना असंच राहायचं. खाणं सगळं पातळ, गाळलेलं, पडलेल्या दाताच्या फटीतून ओढून घ्यायचं. तिखट नाही, आंबट नाही, गरम नाही. वजन उतरू द्यायचं नाही. फार उतरलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. मग त्यांनी माझ्या हातात एक छोटी पक्कड दिली.

"उलटी झाली तर तोंड उघडायलाच हवं, नाहीतर जीव गुदमरेल," ते म्हणाले. "अशा वेळी तार कापायची. एरवी हात लावायचा नाही. मध्येच तार निघाली तर जबडा वाकडा जुळेल, आणि मग बोलणंही धड राहणार नाही."

आई हे सगळं डोळे बारीक करून ऐकत होती. मी ती पक्कड घरी आणून तिच्या उशाशी खिळ्याला टांगली, आणि तिथूनच माझी डोकेदुखी सुरू झाली.

तसं दातावर दात ठेवून बोलता येतं. घरी आल्या दिवशी ती बोललीही. पंखा जरा इकडे फिरव, असं काहीतरी म्हणायचं होतं तिला. बाहेर पडलं ते चादरीखालून बोलल्यासारखं, आणि बघायला आलेल्या शेजारणीला हसू आवरलं नाही. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर तोंडातून एक शब्द काढला नाही. हवं-नको सगळं हाताने, भुवयांनी, आणि फारच झालं तर स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटून. माझी आई हट्टी आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण ती न बोलण्याचा हट्ट करेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मी तेव्हा वर्तकनगरच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला जात होते. तिथून बिनपगारी सुट्टी घेतली आणि स्वयंपाकघरात पाय रोवून उभी राहिले. भाताची पेज केली, डाळीचं पाणी केलं, नाचणी शिजवली, मोसंबीचा रस काढला. पेज तिने एकदोनदा घेतली आणि मग पेला उपडा घातला. दूध तिला जन्मात आवडलं नव्हतं. मोसंबी जखमेला झोंबायची. मासळीचं पाणी करून पाहिलं, पापलेटचं, मग करंदीचं. पण बिनतिखटाचं मासळीचं कोमट पाणी, तेही तापलेल्या पत्र्याखाली, मलाच नाकाशी धरवेना. ती वास घ्यायची, मान फिरवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. कोळणीच्या घरात मासळी वाया जात होती आणि कोळीण उपाशी होती. मला रडू यायचं, पण त्यापेक्षा राग जास्त यायचा, आणि रागात माझे हात बरे चालतात असा माझा अनुभव आहे.

तिला कसली घाई होती तेही सांगते. मे महिना म्हणजे आगोटीचा. पावसाळ्यात ताजी मासळी फारशी मिळत नाही, म्हणून लोक आधीच बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवतात, आणि आमच्याकडे वर्षातली खरी विक्री तेव्हाच होते. माझी मावशी बाजारात आईच्या शेजारीच बसायची. तिने आईच्या ओट्यावर मासळीची एक रिकामी पाटी उपडी घालून ठेवली होती. उपडी पाटी म्हणजे ही जागा मोकळी नाही, बाई येणार आहे. सगळ्याजणी हे पाळायच्या. पण आगोट निघून जाईपर्यंत पाटी उपडीच राहिली, तर मग कुणाची तरी सून तिथे टेकते आणि तिला उठवणं जड जातं. मावशी रोज संध्याकाळी येऊन बाजारातल्या बातम्या सांगायची. कुणाचे सोडे चांगले आले, कुणी गिऱ्हाइकाला जुना जवळा बांधून दिला. ती गेली की आई खिळ्यावरच्या पक्कडीकडे बघत राहायची.

एकदा मी नळावरून पाणी भरून आत आले तर पक्कड तिच्या हातात होती आणि दुसऱ्या हातात आरसा होता. मी पक्कड काढून घेतली आणि नाडीने माझ्या कमरेला बांधली. ती डोळ्यांनी मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. एकच गोष्ट ती आपणहून जवळ करायची, ती म्हणजे बर्फ. मावशी बाजारातून गोणपाटात गुंडाळून तुकडा आणायची. आई तो फडक्यात बांधून गालावर, मानेवर, मनगटांवर फिरवायची आणि तेवढा वेळ तिचा चेहरा सैल पडायचा. ते बघून माझ्या डोक्यात आलं, हिला जे काही द्यायचं ते गार द्यायला हवं. नुसतं निवलेलं नाही, हाताला पेला धरवणार नाही असं गार.

याच सुमारास माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, डोंबिवलीहून तिला बघायला आला. मामा जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले महिने समुद्राच्या गोष्टी सांगण्यात, असा त्याचा संसार चालायचा. बहिणीला बघून त्याला भरून आलं, आणि भरून आलं की तो स्वयंपाकाचं बोलायचा.

"तिला थंड सूप दे," तो मला म्हणाला. "काकडीचा. जहाजावर गरमी झाली का आम्ही साहेब लोकांना द्यायचो. काकडी किसायची, दही घालायचा, लसूण, मिरी, आनि त्याच्यात ट्यूना. चुलीचा कामच नाय."

"ट्यूना म्हंजे?"

"आपला गेदर गो."

गेदर आमच्याकडे कुणी कौतुकाने आणत नाही. रक्ताळ, काळपट मासा. ताजा असताना स्वस्त आणि जरा वेळ गेला की उग्र. बहुतेक तो खारवायला जायचा. साहेब लोक तो काकडीत घालून खातात म्हटल्यावर आईच्या भुवया वर गेल्या. मामाने मागच्या फेरीत आणलेले ट्यूनाचे दोन डबे आमच्या कपाटावर शोभेला ठेवलेलेच होते, कारण कोळ्याच्या घरात डब्यातला मासा खायला सगळ्यांनाच लाज वाटत होती. मामाने त्यातला एक खाली उतरवला, फोडला आणि आईपुढे धरला. आईने आत वाकून पाहिलं. मग डबा हातात घेऊन बोटाने आतला मासा इकडचा तिकडे केला. ती कल्ले शोधत होती. कल्ला उचलून आत लाल आहे की नाही ते बघितल्याशिवाय तिने आयुष्यात मासा घेतला नव्हता, आणि या माशाला डोकंच नव्हतं.

मासा म्हणून तिने तेवढं चालवून घेतलं असतं. खरी अडचण दह्याची होती. मासळीवर दूध-दही खाल्लं की अंगावर कोड फुटतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मासळी जेवल्यावर घरात चहासुद्धा बराच वेळ होत नसे. आई तर गिऱ्हाइकांनाही बजावायची. एखादी नवी सून पापलेट घेऊन ते दुधाच्या पिशवीशेजारी ठेवताना दिसली, तर तिला थांबवून सांगायची की दोन्ही एका वेळेला पोटात जाऊ देऊ नकोस. आता तिच्याच घरात, तिच्याच भावाने काकडीच्या किसात दही ओतलं आणि त्यावर मासा टाकला. तिने पेल्यावर चमचा आपटायला सुरुवात केली.

"अगो काय नाय होत," मामा म्हणाला. "मी इतकी वर्सा खातोय. बग माझे आंगावर काय हाय का." आणि त्याने शर्टाची बाही वर केली.

मामाच्या कोपराखाली रुपयाएवढा पांढरा डाग होता. तो उकळतं तेल उडून भाजल्याचा होता. त्याची गोष्ट त्याने आम्हाला आधी कितीदा तरी सांगितली होती, पण बाही वर करताना त्याला त्याची आठवण राहिली नाही. आईने त्या डागावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मामा निघायच्या वेळेपर्यंत तेलाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. वाडगाही शेवटी त्यानेच संपवला.

मामा गेला, पण ते सार काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी दह्याला पर्याय शोधायला लागले. नुसती काकडी आणि मासा घेतला तर वास पुढे यायचा. लिंबू, कोकम, चिंच जखमेला झोंबायचं. मग नारळाचं दूध काढलं, कारण मासळीला नारळ लागतोच, त्याला कुणाचा आक्षेप नव्हता. दुसरा डबा फोडला, सगळं वाटून, गाळून, बर्फात ठेवून गार केलं. आईने ते घेतलं. पहिल्यांदाच पेला रिकामा परत आला आणि मी ती बातमी मावशीला दारातच दिली.

पण नारळाचं दूध जड, आणि इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला ते झेपेना. दुसऱ्या दुपारी आईला मळमळायला लागलं. छातीवर हात ठेवून ती उठून बसली, कपाळावर घाम. मी कमरेची पक्कड सोडून हातात घेतली आणि तिचा ओठ बाजूला करून तारेपाशी धरून बसले. इतके दिवस त्या पक्कडीवरून आमची मारामारी चालली होती, आणि आता तीच मान हलवून मला सांगत होती की थांब, कापू नकोस. ती नाकाने सावकाश श्वास घेत राहिली आणि मळमळ उतरली. तार राहिली. नारळ मात्र तिने पुन्हा घरात येऊ दिला नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मग मला बाजूला घेतलं. हाड सुरेख जुळत होतं, पण वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या खेपेला ते तिला घरी सोडणार नव्हते. "बाकी काही काळजी नाही," ते म्हणाले, "फक्त खायला घाला." त्या 'फक्त'चा मला इतका राग आला की मी त्यांना नमस्कारही न करता निघाले. येताना खोपटला एसटी डेपोच्या पुढे एका डेअरीपाशी रिक्षा थांबवली आणि ताज्या गोड दह्याचं एक मडकं घेतलं. ते मी आईच्या मांडीवर ठेवलं. लपवाछपवी करण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती घरी येईपर्यंत त्या मडक्याला हात न लावता, हात वर धरून बसून राहिली.

डबे संपले होते, म्हणून मावशीला सांगून दुसऱ्या सकाळी धक्क्यावरून आलेला छोटा गेदर मागवला. खरं तर मला आईला कल्ले बघता येतील असाच मासा हवा होता. मी तो तिच्यापुढे ठेवला. तिने कल्ला उचलला, पोटावर अंगठा दाबला, डोळे बघितले आणि मान हलवली. मासा पास झाला.

गेदराचं रक्त काढणं हे खरं काम. तुकडे करून मधली काळी पट्टी काढून टाकली, मिठाच्या गार पाण्यात तुकडे ठेवले, पाणी लाल झालं की ओतून दुसरं, ते लाल झालं की तिसरं, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. मग हळद, मीठ आणि लसणाच्या पाकळ्या घालून उकडला, काटे काढले आणि पाट्यावर वाटला, कारण दुपारची लाइट गेलेली होती आणि मिक्सर नुसता बघायचा होता. काकड्यांची टोकं कापून त्यावरच घासून कडू फेस काढला, सालं काढली, बिया काढल्या, किसून त्यांचा रस पिळला. दही फेटून घेतलं. सगळं एकत्र करून मलमलीच्या फडक्यातून गाळलं आणि चोथा उरला तो पुन्हा वाटून पुन्हा गाळला. बाजारातला बर्फ पोटात घालण्यासारखा नसतो, त्यावर काय काय पडलेलं असतं ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक. म्हणून तो घमेल्यात फोडला, त्यावर जाडं मीठ टाकलं आणि मधोमध पातेलं बसवून पळीने ढवळत बसले. कडेने सार गोठायला लागलं तेव्हा थांबले. रंग फिकट हिरवा, वास काकडीचा, आणि त्याच्या मागून अगदी पुसट मासळीचा. बोटावर घेऊन चाखलं. चांगलं झालं होतं. मी माझ्या स्वयंपाकाची स्तुती सहसा करत नाही, पण ते चांगलं झालं होतं.

आईपुढे पेला ठेवला. तिने पेल्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मडक्याकडे पाहिलं, आणि चमचा उचलून आपटला.

"मामाचा डाग तेलाचा होता," मी म्हटलं.

तिने पुन्हा चमचा आपटला.

"नाय प्यायलीस तर डॉक्टर नाकातून नली घालनार. मग आगोट गेली आनि पाटी पन गेली."

या वेळी चमचा वाजला नाही. तिने हाताच्या उलट्या बाजूने पेला लांब सारला आणि डोळे मिटून घेतले.

मग मी जे केलं ते ठरवून केलं असं म्हणणार नाही. माझं डोकंच फिरलं होतं. मी दुसरा पेला घेतला, पातेल्यातलं सार त्यात ओतलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. "ठीक हाय," मी म्हटलं. "तू नको पिऊस. मी पिते. रोज करनार आनि रोज मीच पिनार. फुटला कोड तर मना फुटू दे."

इथे एक सांगायला हवं. त्या वर्षी माझ्यासाठी विठ्ठलवाडीचं एक स्थळ आलं होतं. मंडळी बघून गेली होती आणि पावसाळ्यानंतर पुढचं बोलू म्हणाली होती. तेव्हापासून आई मला दुपारची उन्हातही जाऊ देत नव्हती. मुलीच्या अंगावर एक पांढरा ठिपका दिसला तर संपलं, हे तिने बाजारात बसून इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं होतं की तिला त्याची झोपेतही भीती वाटायची. ते स्थळ पुढे जमलं नाही, पण त्यात दह्याचा काही दोष नव्हता.

मी अर्धा पेला प्यायले. आईने डोळे उघडले. गुडघ्यांवर पुढे सरकून तिने माझ्या हातातला पेला हिसकावून घेतला. मला वाटलं आता मोरीत ओतणार. तिने तो स्वतःच्या तोंडाला लावला. दाताच्या फटीतून ओढायला वेळ लागायचा, सार हनुवटीवरून गळत होतं, पण ती थांबली नाही. तो पेला संपवून तिने मघाशी लांब सारलेला आपला पेला उचलला, तोही संपवला. मग पातेल्याकडे बोट केलं. तळाशी उरलेलं मी तिला दिलं, तेही ती प्यायली, आणि रिकामं पातेलं आपल्या मांडीशी ओढून त्यावर हात ठेवून बसली. माझ्यासाठी एक थेंब शिल्लक ठेवायचा नव्हता तिला.

मावशी बर्फ घेऊन आली होती आणि दारात उभी राहून हे बघत होती. "दोगी पन येड्या हाव," ती म्हणाली, आणि गोणपाट खाली ठेवून चहा न घेताच गेली.

त्यानंतर मी रोज तेच केलं. सार करायचं, दोन पेले भरायचे, एक तिच्यापुढे आणि एक माझ्यापुढे. माझा हात पुढे व्हायच्या आत दोन्ही तिच्याकडे असायचे. मग मी पेले बदलले, मोठे घेतले. हे तिच्या लक्षात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. बाजारात आयुष्य काढलेली बाई ती, वजनातली चलाखी तिला लांबून कळायची. पेल्यांकडे बघून ती माझ्याकडे असं बघायची की मीच नजर वळवायचे. पण ती पीत होती. एक दिवस गेदर मिळाला नाही म्हणून बांगडा घालून पाहिला, त्याचा तेलकट वास लागला, तरी तिने नाक मुरडून दोन्ही पेले संपवले. मला तिच्याशी असं वागण्याचं वाईट वाटत होतं का? नाही. वाईट वाटायचं ते नळीचं, ते टळत होतं.

कोळीवाड्यात बातमी फिरायला वेळ लागत नाही. बायका आईला बघायला म्हणून यायच्या आणि तिचे हात, तिचा चेहरा निरखून जायच्या. आई त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. त्या दिवसांत तिला एक वेगळंच वेड लागलं होतं. सकाळी ती मला उंबऱ्यात उजेडात बसवायची आणि माझ्या केसांना तेल लावून वेणी घालायची. शाळा सुटल्यापासून तिने माझ्या केसांना हात लावला नव्हता. आता मात्र केस वर उचलून मानेवरून, कानांमागून बोटं फिरवायची, बाह्या वर सारून कोपरापर्यंत तेल चोळायची, सगळं अगदी सावकाश. मला वाटायचं, बसून बसून कंटाळली आहे, हातांना काहीतरी काम हवंय. मलाही ते बरं वाटायचं, म्हणून मी बसून राहायचे.

पुढच्या तपासणीला काटा थोडा वर सरकला होता. डॉक्टरांनी काय देता म्हणून विचारलं, मी काकडीचं सार म्हणून सांगितलं आणि पुढचं सांगितलं नाही. पक्कड मी पुन्हा खिळ्याला टांगली. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

मे संपता संपता तार निघाली. डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला, मिटायला लावलं, जबडा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला आणि खूश झाले. "बोला बाई," ते म्हणाले. "इतक्या दिवसांचं साठलं असेल." आईने जीभ दातांवरून फिरवली, जबडा इकडे तिकडे हलवला, पण बोलली नाही. त्यांनी मला धीर दिला, सवय मोडली आहे, येईल आवाज हळूहळू. रिक्षात मी तिला काहीबाही विचारत राहिले, दुखतंय का, पाणी हवं का, आणि ती रस्त्याकडे बघत राहिली. इतका खटाटोप करून हाड सरळ जुळवलं आणि आवाजच परत आला नाही तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. घराकडे वळायची वेळ आली तेव्हा तिने रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि बाजाराकडे हात केला.

बाजारात आगोटीची गर्दी होती. मावशीने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि हातातला बोंबलांचा जुडगा खाली टाकून उठली. बायका जमल्या. कुणी आईच्या हनुवटीला हात लावून बघत होतं, कुणी तिच्या दंडाकडे बघून फार उतरलीस म्हणत होतं. "बोल गो काय तरी," मावशी म्हणाली. आईने ओट्यावरची उपडी पाटी उचलली आणि सरळ ठेवली. भोवतालच्या सगळ्यांना तिची हाक ऐकायची होती, आणि मला तर कधीची.

आईने माझा हात धरून मला वरून ऊन पडत होतं तिथे ओढलं. माझी वेणी उचलून मान बघितली. दोन्ही कानांमागे बघितलं. बाह्या वर करून कोपर बघितले. रोज सकाळी उंबऱ्यात ती हेच करत होती, आणि मला ते तिथे उभी असताना कळलं.

"काय फुटला नाय ना गो तुना?" ती म्हणाली. आवाज खरखरीत होता, पण शब्द न शब्द सरळ होता.

"नाय, आये," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते. "आनि तुना?"

"माझा काय," ती म्हणाली. "मना कोन बगाला येनार हाय?"

आणि ती ओट्यावर चढून बसली. मावशीने सोड्यांची टोपली तिच्याकडे सरकवली. समोरून एक बाई रिकामी पिशवी घेऊन चालली होती. आईने तिला हाक मारली, आणि बाहेर रिक्षापाशी उभे असलेले दोघेतिघे वळून बघायला लागले.